षड्जाची जागा : स्वरनामे, कंपनसंख्या आणि यंत्रे यांचा इतिहास

सात स्वरांची नावे ठाऊक नाहीत असे मूल भारतात क्वचितच सापडेल. सा, रे, ग, म, प, ध, नी ही अक्षरे वर्णमालेइतक्याच सहजतेने जिभेवर रुळतात. तथापि या सात अक्षरांपैकी एकही अक्षर ठरावीक उंचीच्या ध्वनीचे नाव नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. गाणारा ज्या ध्वनीवर स्थिरावतो तो त्याचा षड्ज, आणि उरलेले सहा स्वर त्या षड्जाशी असलेल्या नात्याने ओळखले जातात. वडिलांचा सा आणि लहान मुलीचा सा यांत मोठे अंतर असते, तरी दोघेही भूप गाऊ लागले की ऐकणाऱ्याला तो भूपच वाटतो.

आज मात्र घरोघरी स्वर शिकण्याचे साधन बदलले आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक काटा हलतो, त्याखाली इंग्रजी अक्षर आणि आकडा उमटतो, आणि सूर बरोबर असेल तर हिरवा, नसेल तर लाल रंग दिसतो. ‘सी ४’, ‘ए ४४०’, ‘वजा १४ सेंट’ अशी ही भाषा आहे. पालकांना ती शास्त्रीय वाटते आणि आकड्यांत असल्यामुळे निर्विवादही वाटते. वस्तुतः या आकड्यांना इतिहास आहे. ते माणसांनी परिषदांमध्ये बसून, कारखान्यांच्या सोयीसाठी आणि नभोवाणीच्या गरजेतून ठरवले. तो इतिहास समजून घेतल्यावाचून मुलाच्या सुराविषयी यंत्राचा निवाडा मान्य करणे योग्य ठरणार नाही.

नात्याने ओळखले जाणारे स्वर

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सप्तकाचे २२ श्रुतींमध्ये विभाजन आढळते. षड्जग्रामात षड्जाला ४, ऋषभाला ३, गांधाराला २, मध्यमाला ४, पंचमाला ४, धैवताला ३ आणि निषादाला २ अशी ही वाटणी आहे. हे पटवून देण्यासाठी भरतमुनींनी दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा प्रथम एकसारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची आणि दुसरीचे स्वर क्रमाक्रमाने उतरवत तिची पहिलीशी तुलना करायची. या प्रयोगात कोठेही निरपेक्ष माप नाही. एका स्वराची दुसऱ्याशी तुलना एवढेच त्याचे साधन, आणि कान हाच त्याचा न्यायाधीश.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथ मात्र आजच्या दौलताबादच्या परिसरात सिद्ध झाला आणि उत्तर व दक्षिण अशा दोन्ही परंपरांनी तो प्रमाण मानला. पुढे सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीतपारिजात’ या ग्रंथात स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून सांगितल्या. तारेच्या मध्यावर तार षड्ज, मेरू आणि तार षड्ज यांच्या मधोमध मध्यम, आणि तारेचे तीन भाग करून पहिल्या भागाच्या टोकाशी पंचम. आधुनिक भाषेत सांगायचे तर तार षड्जाची कंपनसंख्या षड्जाच्या दुप्पट, पंचमाची दीडपट आणि मध्यमाची चार तृतीयांश पट होते. येथेही तार कितीही लांब वा आखूड असो, प्रमाण तेच राहते. भारतीय विचारात संख्या आली ती गुणोत्तराच्या रूपाने. सेकंदाला किती कंपने, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण गायनाला त्याची गरज पडली नाही.

अक्षरे, अवयव आणि शाळा

युरोपात दोन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी वाढल्या. एकीत ध्वनींना लॅटिन वर्णमालेतील अक्षरे दिली गेली. दुसरीचा उगम अकराव्या शतकात इटलीतील अरेझ्झो येथील गुइदो या धर्मगुरूकडे जातो. प्रार्थनागीते गाणाऱ्या मुलांना नवी चाल लवकर शिकता यावी म्हणून त्याने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरे घेऊन उत्, रे, मी, फा, सोल, ला असे सहा स्वर ठरवले. पुढे ‘उत्’च्या जागी ‘दो’ आला आणि सातवा स्वर जोडला गेला.

गुइदोचे हे स्वर मुळात आपल्या सा-रे-गसारखे सरकते होते. कालांतराने फ्रान्स आणि इटलीत ‘दो’ म्हणजे ठरलेली एक पट्टी असा अर्थ रूढ झाला. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात नॉरिच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांना गाणे शिकवताना ‘दो’ पुन्हा सरकता केला, आणि जॉन कर्वेन यांनी तिच्या पद्धतीचा शाळाशाळांत प्रसार केला. गाणाऱ्या मुलाच्या गळ्याला सरकता स्वर सोयीचा, तर एकत्र वाजणाऱ्या वाद्यांना अचल स्वर सोयीचा, हा भेद तेव्हापासून स्पष्ट आहे.

४४० पर्यंतचा प्रवास

अचल स्वर हवा म्हटले की तो किती उंच असावा, हा प्रश्न आलाच. १७११ साली लंडनमधील तुतारीवादक जॉन शोअर याने नादकाटा तयार केला आणि सूर खिशात घेऊन फिरण्याची सोय झाली. परंतु प्रत्येक गावाचा काटा निराळा. हँडेल या संगीतकाराचा म्हणून जपलेला काटा सेकंदाला सुमारे ४२२.५ कंपने देतो. एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद अधिक तेजस्वी वाजावेत म्हणून सूर चढत गेले आणि त्याचा ताण गायकांच्या गळ्यावर पडू लागला. अखेर १८५९ साली फ्रान्सच्या शासनाने एक समिती नेमून ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या ४३५ ठरवली. रोसिनी आणि बर्लिओझ यांसारखे संगीतकार त्या समितीत होते. गळ्याच्या रक्षणासाठी शासनाने सूर ठरवून द्यावा, असा हा प्रसंग होता.

त्याआधी १८३४ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे योहान शायब्लर यांनी ४४० हा आकडा सुचवला होता. शायब्लर व्यवसायाने रेशमाचे कारखानदार. नादकाट्यांचा संच करून त्यांनी कंपनसंख्या मोजण्याची नेमकी रीत बसवली. एका शतकानंतर, १९३९ च्या मे महिन्यात लंडन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ४४० हाच आकडा स्वीकारला. त्यामागचे एक कारण उद्‌बोधक आहे. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेला सूर ४३९ च्या आसपास होता. नभोवाणी केंद्राला मात्र तो विद्युत्‌यंत्राने प्रक्षेपित करायचा होता. स्फटिकाच्या दहा लाख कंपनांना एक हजाराने भागून, ११ ने गुणून आणि २५ ने भागले की ४४० मिळते. ४३९ ही मूळ संख्या असल्यामुळे ती अशा गुणाकार-भागाकारातून मिळवणे जिकिरीचे होते. आज जगभरातील यंत्रांत बसलेल्या आकड्यामागे अशी एक तांत्रिक सोय आहे. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५५ साली त्याची शिफारस केली आणि १९७५ साली त्याला मानकाचा दर्जा दिला.

बारा पट्ट्यांची तडजोड

सूर किती उंच, हा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच : एका सप्तकातील स्वर एकमेकांपासून किती अंतरावर असावेत? शुद्ध पंचम षड्जाच्या दीडपट असतो. असे बारा पंचम एकावर एक चढत गेले की सात सप्तके वरच्या षड्जाशी पोहोचायला हवे. हिशेब मात्र जुळत नाही. दीडपटीचा बारा वेळा गुणाकार केला तर १२९.७५ येते, आणि दुपटीचा सात वेळा केला तर १२८. ही तफावत कोणत्याही कारागिराची चूक नव्हे. ती अंकगणितातच आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे सप्तकाचे बारा अगदी समान भाग करणे. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९५ पट. चीनमधील राजपुत्र झू झाइयू यांनी १५८४ मध्ये हे गणित मांडले आणि त्याच शतकाच्या अखेरीस युरोपात सायमन स्टेविन यांनीही तो विचार केला. या रचनेत कोणत्याही पट्टीपासून आरंभ केला तरी चाल सारखीच वाजते. किंमत एवढीच की तार षड्ज सोडला तर एकही स्वर पूर्णपणे शुद्ध राहत नाही.

ही किंमत मोजण्याचे माप इंग्लंडचे अलेक्झांडर एलिस यांनी दिले. हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिसंवेदनेवरील १८६३ चा जर्मन ग्रंथ त्यांनीच इंग्रजीत आणला. १८८५ साली त्यांनी निरनिराळ्या देशांतील स्वरसप्तकांवर निबंध वाचला आणि सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग करून त्या भागाला ‘सेंट’ म्हटले. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांतील अंतर १०० सेंट. या मापाने शुद्ध पंचम ७०२ सेंटवर येतो आणि समान भागांचा ७०० वर. हा फरक नगण्य आहे. गांधाराचे तसे नाही. सव्वापटीचा शुद्ध गांधार ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४०० वर. १४ सेंटचा हा फरक तयार कानाला स्वच्छ कळतो. पुढील साऱ्या वादाचे मूळ या चौदा सेंटांत आहे. भारतीय, अरबी, चिनी, जावाई अशी सप्तके मोजून एलिस यांनी जो निष्कर्ष काढला तोही महत्त्वाचा : निसर्गाने साऱ्या मानवजातीला एकच सप्तक दिलेले नाही.

पेटी भारतात येते

हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ साली पॅरिस येथे घेतले. पायांनी भाता हलवण्याचे ते वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या घरांतून भारतात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकिन कंपनीचे द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याची पेटी प्रचारात आणली. मांडी घालून बसलेल्या वादकाला एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या चालवता येऊ लागल्या. कीर्तन, भजन, नाटक, शाळेची प्रार्थना, सगळीकडे ती पोहोचली. मराठी संगीत रंगभूमीने तर तिला मानाचे स्थान दिले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

पेटीबरोबर स्वरांची नवी नावेही जन्मली. मराठी गायक ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे म्हणू लागला. ‘पट्टी’ हा शब्द पेटीच्या लाकडी तुकड्याला होता, तो गायकाच्या षड्जालाही लागला. ‘तुमची पट्टी कोणती?’ हा प्रश्न आजही तसाच विचारला जातो. हिंदी भाषक गायक ‘सफेद एक’ म्हणतो आणि दक्षिणेत ‘कट्टै’ या शब्दाने तीच गोष्ट सांगितली जाते. तेथे एक कट्टै म्हणजे पहिली पांढरी, तर दीड कट्टै म्हणजे पहिली काळी. ४४० च्या मानकाने पाहिले तर मध्य सप्तकातील पांढरी एक सेकंदाला २६१.६ कंपनांची, काळी एक २७७.२ ची आणि काळी चार ४१५.३ ची. या देशी नावांत एक शहाणपण दडले आहे. पट्टीचे नाव निराळे आणि स्वराचे निराळे ठेवल्यामुळे सा सरकता राहिला. काळी एक ही जागा झाली. तेथे कोणाचा षड्ज बसेल आणि कोणाचा पंचम, हे गाणाऱ्यावर सोडले गेले.

स्वरलिपीचे दोन आचार्य

पेटीच्याच काळात संगीत शाळेच्या वर्गात आले आणि ते आणण्यात महाराष्ट्राबाहेर कार्य करणाऱ्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापले. विष्णू नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी मिळवल्या, आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि ग्वाल्हेर येथील माधव संगीत महाविद्यालय व १९२६ साली लखनौ येथे सुरू झालेले मॅरिस कॉलेज यांच्या उभारणीत पुढाकार घेतला. घराण्याबाहेरच्या मुलामुलींना गाणे शिकता आले ते या संस्थांमुळे.

वर्गात शिकवायचे तर स्वर लिहिता आले पाहिजेत. दोघांनीही लिपी तयार केल्या, आणि त्या जुळल्या नाहीत. भातखंडे यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला. पलुसकर यांच्या लिपीत डोक्यावर बिंदू दिला की तो मंद्र सप्तकातला. तार सप्तकासाठी त्यांनी उभी रेघ वापरली. एकाच चिन्हाचे अगदी उलट अर्थ! दोन परंपरांच्या पुस्तकांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विचारावे लागे की पुस्तक कोणाचे. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. तो मान्य करणाऱ्यांच्या संमतीने ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

चौदा सेंटांचा वाद

पेटीच्या सोयीबरोबर तिची अडचणही जाणकारांना टोचू लागली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे स्वरांचे मापन केले आणि १९१० साली २२ श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि २२ श्रुती वाजवणारी पेटी तयार करवून घेतली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय गाजला. भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांचे निष्कर्ष मान्य नव्हते. श्रुतींच्या सूक्ष्म मापनावर शिक्षणपद्धती उभी राहू शकत नाही, बारा स्वरांच्या चौकटीतच ती उभी करावी लागेल, ही त्यांची भूमिका होती. एकाला स्वराची शुद्धता महत्त्वाची, दुसऱ्याला शिकवण्याची शक्यता. दोन्ही बाजूंना सार होते.

या वादावर तंबोऱ्याने आपले उत्तर कधीच दिले होते. जवारी नीट लावलेला तंबोरा छेडला की षड्जाच्या तारेतून कोणी न वाजवलेला गांधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. कोणतीही तार एकाच वेळी आपल्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशीही कंप पावते. त्यांतील पाचपटीचा ध्वनी दोन सप्तके खाली आणला तर सव्वापट होते, आणि हाच ३८६ सेंटचा शुद्ध गांधार. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटू नयेत तेही या रुंद, वक्र घोडीमुळे उमटतात, असे त्यांना आढळले. आता तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवली आणि पांढरी एक हा षड्ज धरला, तर तंबोऱ्याचा गांधार ३२७.० वर आणि पेटीचा ३२९.६ वर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीचहून अधिक वेळा नादात हेलकावा जाणवतो. तयार गायक अशा वेळी तंबोऱ्याशी राहतो आणि पेटीवाला त्या पट्टीवर हलका हात ठेवतो.

पेटीला मींड घेता येत नाही, हा दुसरा आक्षेप. दिल्ली नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फाउल्ड्स यांनी १९३८ साली तिच्याविरुद्ध कठोर लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही तिला विरोध होता. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत नभोवाणीवर सारंगी होती. देशभरातील शाळांत मात्र सकाळची प्रार्थना पेटीवरच होत राहिली. प्रत्येक शाळेला सारंगिया मिळणे शक्य नव्हते. बंदी घालणाऱ्यांचे निदान पुष्कळसे बरोबर होते, उपाय मात्र लोकांनी स्वीकारला नाही. यंत्र हाकलून देऊन कान तयार होत नाहीत, हे त्या तीस वर्षांनी दाखवून दिले.

संगणकातील सूर

१९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून ‘मिडी’ हा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिले. मध्य सप्तकाच्या पांढऱ्या एकला ६० आणि ४४० कंपनांच्या ‘ए’ला ६९. १९३९ च्या परिषदेचा निर्णय आणि बारा समान भागांची तडजोड या दोन्ही गोष्टी त्या क्रमांकांत गृहीत धरलेल्या आहेत. गंमत अशी की नावांचा घोळ येथेही चुकला नाही. क्रमांक ६० च्या स्वराला काही कंपन्या ‘सी ४’ म्हणतात, तर यामाहा ‘सी ३’. डोक्यावरच्या बिंदूचीच ही नवी आवृत्ती! एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेलेला विद्यार्थी आपण एक सप्तक चुकलो की काय म्हणून गोंधळतो. चूक त्याची नसते.

सूर मोजणारी सॉफ्टवेअर कसे काम करतात, हे समजणे अवघड नाही. ध्वनीची उंची सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा टिपली जाते. त्या नोंदींत एकच आकृती किती नोंदींनंतर पुन्हा येते हे यंत्र शोधते. दर शंभर नोंदींनी ती आली तर सूर ४४१ कंपनांचा. येथवरचे काम निव्वळ मोजमापाचे असून ते विश्वसनीय आहे. त्यानंतर यंत्र दुसरे काम करते : मिळालेली संख्या बारा समान पट्ट्यांपैकी सर्वांत जवळच्या पट्टीशी ताडून पाहते आणि फरक सांगते. पहिले काम मापनाचे, दुसरे निवाड्याचे. पडद्यावर दोन्ही एकाच काट्याने दाखवली जातात. १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी आणलेल्या ‘ऑटो-ट्यून’ने तर तिसरे पाऊलही टाकले, हे सॉफ्टवेअर सूर मोजते, पट्टी ठरवते आणि गाणाऱ्याला त्या पट्टीवर ओढून नेते. त्याचा वापर सरसकट केला तर मींडीचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो.

आता एखादी मुलगी तंबोऱ्यावर भूप गाते आहे असे मानावे. तिचा गांधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधाराशी तंतोतंत मिळाला. शेजारचे ॲप मात्र ‘वजा १४’ दाखवून लाल होते. ती जर पडद्यावर विश्वास ठेवणारी असेल तर पुढच्या वेळी गांधार थोडा चढवेल आणि हिरवा रंग मिळवेल. ज्या क्षणी तिचा कान सर्वांत बरोबर होता, त्याच क्षणी तिला चूक ठरवण्यात आले. पेटीच्या काळी निदान शेजारी गुरुजी असत आणि ते म्हणत, ‘पेटीकडे नको, तंबोऱ्याकडे लक्ष दे.’ एकट्याने सराव करणाऱ्या मुलाला हे सांगणारे कोणी नसते.

याचा अर्थ यंत्र शत्रू आहे असा नव्हे. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला आणि मिरजेचा तंबोरा ज्यांना परवडत नव्हता वा लावता येत नव्हता, अशा असंख्य घरांत अखंड षड्ज पोहोचला. आजच्या बहुतेक ॲपमध्ये आधारस्वर बदलण्याची सोय आहे, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर हवा तितक्या सेंटने उतरवता वा चढवता येतो. देवल आणि क्लेमेंट्स यांना ज्यासाठी खास पेटी घडवावी लागली, ते आज काही आकडे बदलून साधते. मात्र आकडे बदलायचे तर ते बदलता येतात, हे आधी ठाऊक असायला हवे.

मुलांचा षड्ज

हीरक महोत्सवापर्यंत पोहोचलेल्या कोणत्याही शाळेने पेटी, ध्वनिफीत, इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि भ्रमणध्वनी अशी सारी साधने आपल्या प्रार्थनेत वा संगीताच्या तासाला पाहिलेली असतात. साधन बदलले तरी शिक्षकापुढचे प्रश्न तेच राहिले. प्रार्थना ज्या पट्टीत सुरू होते ती लहान मुलांना झेपते का? आठवी-नववीत आवाज फुटू लागलेला मुलगा वरच्या सुराला गप्प होतो, तेव्हा त्याला बेसूर म्हणायचे, की पट्टी दोन घरे खाली आणायची? १८५९ च्या समितीपुढेही मुळात हाच प्रश्न होता : सूर गळ्यासाठी की गळा सुरासाठी?

पालकांनाही यातून थोडे घेता येईल. मुलाचा षड्ज आधी त्याच्या गळ्यावरून ठरवावा आणि मग तो ॲपमध्ये भरावा. ॲपने दिलेल्या ‘सी’वर मुलाला चढवू नये. सरावाचा आरंभ तंबोऱ्याच्या नादाने करावा आणि काही मिनिटे पडदा उलटा ठेवावा. काट्याचा उपयोग षड्ज-पंचम स्थिर आहेत की नाहीत हे पाहण्यापुरता करावा. त्यांवर यंत्र आणि तंबोरा यांचे जवळजवळ एकमत असते. गांधार, धैवत, निषाद यांचा निर्णय कानाकडे आणि शिक्षकाकडे ठेवावा. आणि मूल विचारील तेव्हा त्याला सांगावे की ४४० हा आकडा एका परिषदेने ठरवला, बारा पट्ट्या ही एक तडजोड आहे, आणि डोक्यावरच्या बिंदूचे दोन अर्थ आहेत. एवढे ज्याला कळले, ते मूल यंत्र अधिक चांगले वापरते, कारण त्याला काय विचारायचे आणि काय विचारू नये हे त्याला समजलेले असते.